टायरियन: घरच्या कॉम्प्युटरवर पहिल्या उड्डाणापासून

टायरियनमध्ये नवखा खेळाडू बहुतेक वेळा एकाच कारणाने मरतो. हातात आलेले सगळे पैसे तो तोफेवर घालतो, आणि ती तोफ चालवणाऱ्या जनरेटरकडे त्याचं लक्षच जात नाही. पडद्यावर गोळ्यांचा पाऊस पडत असतो, सगळं छान चाललंय असं वाटतं, आणि मधेच तोफ अडखळते, ढाल भरायची थांबते आणि अर्ध्या मिनिटात यान फुटतं. खेळ अवघड आहे म्हणून असं होत नाही. हिशेब चुकलेला असतो. पुढे कीबोर्डपासून दुकानापर्यंत जे काही सांगितलंय ते हा हिशेब जमावा म्हणूनच.

टायरियन हा १९९५ साली डॉसवर, म्हणजे विंडोजच्या आधीच्या जुन्या कॉम्प्युटर प्रणालीवर, आलेला विमानयुद्धाचा खेळ. प्रकाशक एपिक मेगागेम्स. प्रोग्रामिंग जेसन एमरी यांचं, चित्रं डॅनियल कुक यांची आणि संगीत अलेक्झांडर ब्रँडन यांचं. जमीन वरून खाली सरकत राहते, तुमचं यान पडद्याच्या खालच्या भागात असतं आणि समोरून, बाजूंनी, कधी मागूनही शत्रू येतात. कथेचा नायक ट्रेंट हॉकिन्स नावाचा वैमानिक, शत्रू मायक्रोसोल नावाची कंपनी. १९९९ मध्ये टायरियन २००० या नावाने वाढीव आवृत्ती आली, तीत पाचवा भाग आणि काही नवी यानं आहेत. २००४ मध्ये हा खेळ फ्रीवेअर झाला, त्यामुळे तो मोफत आणि कायदेशीरपणे खेळता येतो. जुन्या खेळांत हे सुख फार थोड्यांच्या वाट्याला आलंय, आणि नवख्याला आम्ही हाच खेळ सुचवतो त्याचं अर्धं कारण हेच.

खेळ आणायचा कुठून

तीन वाटा आहेत. विंडोज असेल आणि कशात डोकं घालायचं नसेल तर पहिली घ्या.

१. गॉग या संकेतस्थळावर खातं उघडा, टायरियन २००० शोधा आणि शून्य किमतीत आपल्या खात्यात जमा करा. इन्स्टॉलर उतरवून चालवा. डॉसबॉक्स, म्हणजे डॉसचे खेळ आजच्या कॉम्प्युटरवर चालवणारा प्रोग्राम, त्याच्या आतच बांधलेला असतो, आवाजाची मांडणीही आधीच केलेली असते. आयकॉनवर दोनदा क्लिक केलं की खेळ सुरू.

२. टायरियन २.१ (मूळ खेळाची आवृत्ती, टायरियन २००० नव्हे) ची फ्रीवेअर झिप फाइल हाताशी असेल तर ती स्वतःच्या डॉसबॉक्समध्ये चालवा. सी ड्राइव्हवर गेम्स नावाचा फोल्डर, त्यात टायरियन नावाचा फोल्डर, आणि झिपमधलं सगळं त्यात मोकळं करा. फोल्डरची नावं रोमन लिपीत, आठ अक्षरांच्या आत आणि मधे जागा न सोडता ठेवा, कारण डॉसला लांब नावं कळत नाहीत. डॉसबॉक्स उघडून माउंट कमांडने हा गेम्स फोल्डर सी म्हणून जोडा, मग सी आणि विसर्गासारखं चिन्ह टाइप करून त्या ड्राइव्हवर जा, सीडी कमांडने टायरियन फोल्डरमध्ये शिरा. पहिल्या वेळी आधी सेटअप चालवा आणि आवाजासाठी साउंड ब्लास्टर हे साउंड कार्ड निवडा. डॉसबॉक्सची ठरलेली मूल्यं अशी: पत्ता २२०, आयआरक्यू ७, डीएमए १. हे तीन आकडे जुळले नाहीत तर एकतर आवाज येत नाही किंवा खेळ सुरू होतानाच अडकतो. त्यानंतर टायरियन असं टाइप करून एंटर.

३. ओपनटायरियन. मूळ खेळ पास्कल भाषेत लिहिला होता, तो काही जाणकारांनी सी भाषेत उतरवला. हा आजच्या कॉम्प्युटरवर थेट चालतो, मधे डॉसबॉक्स लागत नाही. लिनक्स वापरणाऱ्यांसाठी हीच वाट सरळ.

तिसऱ्या वाटेवर दोन ठेचा नेहमी लागतात. ओपनटायरियन हे फक्त इंजिन आहे. चित्रं, आवाज, पातळ्या या डेटा फाइल्स त्याला वेगळ्या द्याव्या लागतात, आणि त्या टायरियन २.१ च्याच हव्यात. गॉगवरून आणलेल्या टायरियन २००० च्या फाइल्स इथे टाकल्या तर चालत नाहीत, दोन्हींच्या फाइल्सची रचना वेगळी आहे. दुसरी ठेच खास लिनक्सची. तिथे लहान आणि मोठी रोमन अक्षरं वेगळी धरली जातात. इंजिन सगळी नावं लहान अक्षरांत शोधतं. जुन्या डॉस फ्लॉपीवरून किंवा सीडीवरून फाइल्स आणल्या असतील तर त्यांची नावं सगळी मोठ्या अक्षरांत असू शकतात. मग फाइल डोळ्यासमोर असूनही फाइल सापडत नाही असा संदेश येतो. सगळ्या फाइल्सची नावं लहान अक्षरांत बदला, काम झालं. डेटा वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवला असेल तर चालवताना उणे चिन्ह, लहान टी आणि पुढे त्या फोल्डरचा पत्ता द्या.

कीबोर्ड: इथे घाई नको

मूळ कळा अशा: बाणांनी यान हलतं, स्पेसने गोळीबार, एंटरने मागच्या तोफेची पद्धत बदलते, डाव्या कंट्रोलने डावी साइडकिक, डाव्या ऑल्टने उजवी साइडकिक. साइडकिक म्हणजे यानाच्या दोन बाजूंना लागणारी छोटी जोडशस्त्रं.

आता अडचणी. मराठीत टाइप करणाऱ्यांची पहिली: विंडोजचा कीबोर्ड मराठीवर असेल तर डॉसबॉक्समध्ये कमांड नीट उमटत नाहीत, अक्षरांच्या कळाही भलत्याच वागतात. खेळ उघडण्याआधी विंडोज कळ आणि स्पेस दाबून कीबोर्ड इंग्रजीवर आणा. डावा ऑल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबल्यानेही बऱ्याच कॉम्प्युटरवर भाषा बदलते, आणि खेळताना ऑल्टवर बोट असतंच. तेव्हा भाषा बदलायची ही जोडी विंडोजच्या सेटिंगमधून बंदच करून टाका.

दुसरी अडचण ऑल्टचीच. उजवी साइडकिक चालवायला ऑल्ट धरलाय आणि त्याच क्षणी मागच्या तोफेची पद्धत बदलायला एंटर दाबला, तर डॉसबॉक्स आणि ओपनटायरियन दोन्हींना ते ऑल्ट-एंटर वाटतं. म्हणजे पूर्ण पडदा सोडून खिडकीत या. ऐन लढाईत पडदा काळा होतो, चित्र उडी मारून छोटं होतं, आणि भानावर येईपर्यंत यान गेलेलं असतं. ऑल्ट आणि स्पेस ही जोडी तर आणखी वाईट, कारण काही डेस्कटॉपवर तिने खिडकीचा मेनू उघडतो. उपाय एकच: दुकानातल्या ऑप्शन्समध्ये कीबोर्ड निवडा आणि साइडकिकच्या कळा ऑल्ट-कंट्रोलवरून काढून झेड आणि एक्स या अक्षरांवर टाका. उजवा हात बाणांवर, डाव्या हाताची दोन बोटं झेड-एक्सवर आणि अंगठा स्पेसवर. हात न अवघडता तासभर खेळता येतं.

तिसरी अडचण लोकांना महिनोन्महिने कळतच नाही. यान वर आणि डावीकडे तिरकं नेताना गोळीबार थांबतो, बाकी सगळ्या दिशांना नीट चालतो. दोष खेळाचा नाही, कीबोर्डचा आहे. स्वस्त कीबोर्डमध्ये आणि बऱ्याच लॅपटॉपमध्ये कळा आडव्या-उभ्या तारांच्या जाळीवर बसवलेल्या असतात. एकाच वेळी दाबलेल्या तीन कळा जाळीत चौकटीचे तीन कोपरे झाल्या, की चौथी दाबली आहे की नाही हे कीबोर्डला सांगता येत नाही. म्हणून तो तिसरी कळ गिळूनच टाकतो. वरचा बाण, डावा बाण आणि स्पेस हे त्रिकूट यात कुप्रसिद्ध आहे. तपासायला सोपं: पहिल्या मोहिमेत वर-डावीकडे बाण धरून ठेवा आणि मग स्पेस दाबा. गोळी सुटली नाही तर गोळीबार डाव्या कंट्रोलवर न्या. कंट्रोल, शिफ्ट, ऑल्ट या कळांच्या तारा बहुधा वेगळ्या असतात, त्यामुळे त्या गिळल्या जात नाहीत. मॅक असेल तर मात्र कंट्रोल आणि बाण मिळून डेस्कटॉप बदलतो, तिथे कंट्रोल नको, एखादं अक्षर निवडून पाहा.

माउसनेही खेळता येतं, आणि डॉसच्या जमान्यातल्या या जातीच्या खेळांत टायरियनचा माउस खरोखर चांगला आहे. यान हाताबरोबर सरकतं, डाव्या बटणाने गोळीबार होतो. दाट गोळ्यांमधून सुटायचं असेल तेव्हा बाणांपेक्षा माउस सरस, कारण एका झटक्यात पडद्याच्या या टोकाकडून त्या टोकाकडे जाता येतं. डॉसबॉक्समध्ये माउस अडकल्यासारखा वाटला तर कंट्रोल आणि एफ१० दाबा, तो मोकळा होतो.

चित्र आणि वेग

मूळ चित्र ३२० बाय २०० ठिपक्यांचं आणि चारास तीन आकाराच्या जुन्या मॉनिटरसाठी काढलेलं. आजच्या रुंद पडद्यावर ते ताणलं तर यानं चपटी दिसतात, आणि गोळ्यांमधलं अंतर डोळ्याला चुकीचं भासतं. डॉसबॉक्सच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये रेंडर या विभागात अॅस्पेक्ट नावाची ओळ आहे, तिथे ट्रू लिहा. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतील, त्या तशाच राहू द्या.

आवाज तुटत असेल किंवा खेळ अडखळत असेल तर सायकल्स, म्हणजे डॉसबॉक्स किती वेगाने चालतो तो आकडा, पाहा. २५,००० च्या आसपासचा आकडा ४८६ या त्या काळच्या प्रोसेसरच्या वरच्या दर्जाच्या गतीला जुळतो आणि टायरियनला पुरतो. कंट्रोल-एफ१२ ने सायकल्स वाढतात, कंट्रोल-एफ११ ने कमी होतात. जुन्या लॅपटॉपवर आकडा उगाच चढवला तर कॉम्प्युटरच थकतो आणि आवाज जास्तच फाटतो. खेळाच्या आतही वेग बदलता येतो: उड्डाणात एस्केप दाबा, तिथे संगीत आणि आवाजाची पातळी, चित्रातला तपशील आणि खेळाचा वेग अशा ओळी दिसतील. वेगासाठी स्लग मोडपासून पेंटियम हायपरपर्यंतचे पर्याय आहेत. पहिल्या दोन-तीन मोहिमांना स्लो ठेवायला काहीच हरकत नाही. बोटांना सवय लागली की नॉर्मलवर या.

नवा खेळ सुरू करताना

मुख्य मेनूत नवा खेळ निवडा, मग एक खेळाडूचा पूर्ण खेळ, मग पहिला भाग, मग ईझी. आर्केड पद्धतीत दुकान नसतं, जे हवेत सापडेल तेच शस्त्र, आणि जीव एकाहून जास्त. पूर्ण खेळात जीव एकच, पण प्रत्येक मोहिमेआधी दुकान. शिकायला पूर्ण खेळच बरा, कारण कोणतं शस्त्र काय करतं हे तिथे निवांत बघता येतं.

पहिल्या भागाला हातात १०,००० क्रेडिट, यूएसपी टॅलन हे यान आणि पुढे पल्स कॅनन ही तोफ. मागची जागा रिकामी. थेट उड्डाणाला जाऊ नका, आधी अपग्रेड शिप उघडा. सात खण दिसतील: यान, पुढची तोफ, मागची तोफ, ढाल, जनरेटर, डावी साइडकिक, उजवी साइडकिक.

दुकानाचा हिशेब

दुकानात सगळ्यात आधी लक्षात ठेवायची गोष्ट: घेतलेली वस्तू बदलली तर तिची पूर्ण किंमत परत मिळते. घसारा नाही, दलाली नाही. त्यामुळे चुकीची खरेदी असं इथे काही नसतंच. या मोहिमेला एक तोफ, पुढच्या मोहिमेला दुसरी, असं बिनधास्त करा. दुकानागणिक माल मात्र बदलतो, आज दिसलेली वस्तू पुढच्या दुकानात असेलच असं नाही.

दुसरी गोष्ट: प्रत्येक तोफेच्या १ ते ११ अशा शक्तीच्या पातळ्या असतात. डाव्या-उजव्या बाणाने पातळी बदलते आणि डावीकडच्या चौकटीत गोळीबार चालू दिसतो. वाढीची किंमत मूळ किमतीच्या पटीत चढते, आणि ते पट असे: १, ३, ६, १०, १५, २१… शेवटच्या पायरीला ५५. मूळ किंमत ५०० धरू. पहिलीवरून दुसरी ५००, दुसरीवरून तिसरी १,५००, तिसरीवरून चौथी ३,०००, चौथीवरून पाचवी ५,०००. बेरीज १०,०००. म्हणजे अशी एक तोफ पाचवीपर्यंत नेली की हातातली सगळी पुंजी संपली. पुढे दहावीवरून अकरावीला जायला एकट्या त्या पायरीचे २७,५००.

आता हाच आकडा दुसरीकडून पाहा. पहिल्या पातळीची किंमत धरून एक तोफ तिसऱ्या पातळीवर नेण्याचा एकूण खर्च मूळ किमतीच्या पाचपट, आणि पाचव्या पातळीवर नेण्याचा एकवीसपट. म्हणून सुरुवातीला एकच तोफ उंच नेण्यापेक्षा पुढची तिसऱ्या पातळीवर ठेवा आणि मागच्या रिकाम्या जागी काहीतरी स्वस्त बसवा. मागच्या तोफा बऱ्याचदा बाजूंना आणि मागे मारतात, आणि पुढच्या तोफेची नेमकी तीच उणीव असते. काही मागच्या तोफांना दोन पद्धती असतात, एंटरने बदलणाऱ्या, एक पसरून मारणारी आणि एक एकवटून. मोठ्या शत्रूसमोर एकवटलेली, किडूकमिडूक थव्यासमोर पसरलेली.

तिसरी गोष्ट म्हणजे जनरेटर. यानावर वीज एकाच ठिकाणी तयार होते आणि दोन तोंडं ती खातात: तोफा आणि ढाल. प्रत्येक फैरीला ठरावीक वीज जाते. ढाल मार खाऊन उतरली की ती पुन्हा भरायलाही वीज लागते. भारी ढाल भरायला जास्त वीज, भारी तोफ चालवायला जास्त वीज. पडद्यावरची विजेची पट्टी तळाला गेली की तोफ फैर चुकवते आणि ढाल भरत नाही, दोन्ही एकदम. नवखे नेमके इथेच अडकतात. लेझरसारखी खादाड तोफ दुकानात झळकते, पैसे जुळतात, खरेदी होते, आणि जुना जनरेटर तिला पुरत नाही.

यातला एक बारकावा फार उपयोगी पडतो. एका फैरीला लागणारी वीज तोफेच्या जातीवर ठरते, पातळीवर नाही. तीच तोफ दुसऱ्या पातळीवरून चौथ्यावर नेली म्हणून एका फैरीची वीज वाढत नाही. तेव्हा जनरेटर साधा असेपर्यंत साध्या जातीची तोफ ठेवा आणि तिची पातळी चढवा. जात बदलायची ती जनरेटर बदलल्यावर. जनरेटरची चढण अशी आहे: स्टँडर्ड एमआर-९, अॅडव्हान्स्ड एमआर-१२, जेनकोअर कस्टम एमआर-१२, स्टँडर्ड मायक्रोफ्यूजन, अॅडव्हान्स्ड मायक्रोफ्यूजन आणि सगळ्यात वर ग्रॅव्हिट्रॉन पल्स-वेव्ह. दुकानात वरच्या पायरीचा जनरेटर दिसला आणि तोफेची एक-दोन पातळी उतरवून तो बसत असेल, तर उतरवा. पैसे पूर्ण परत मिळतातच.

ढालीमागे चिलखत असतं. ढाल संपली की मार चिलखतावर बसतो, आणि चिलखत स्वतःहून भरत नाही. ते संपलं की खेळ संपला. मोहीम पार पडली की पुढच्या वेळी चिलखत पुन्हा पूर्ण मिळतं. किती मिळतं ते यानावर अवलंबून, म्हणून पुढे पैसे साठले की जेनकोअर फिनिक्ससारखं दणकट यान घ्या.

साइडकिक दोन प्रकारच्या. काहींना दारूगोळ्याची मर्यादा नसते, त्या मुख्य बटणाबरोबर आपोआप मारतात. काहींना मोजका साठा असतो, त्या फक्त त्यांच्या स्वतःच्या कळेने सुटतात, साठा पडद्यावर दिसतो आणि हळूहळू पुन्हा भरतो. मिनी-मिसाइल, अॅटम बॉम्ब ही मंडळी दुसऱ्या प्रकारातली. नवख्याने दोन्ही बाजूंना पहिल्या प्रकारातलीच जोडी लावावी. हात आधीच पुरेसे गुंतलेले असतात.

हवेत गेल्यावर

उजवीकडच्या पट्टीवर ढाल, चिलखत आणि वीज तिन्ही दिसतात. दर काही सेकंदांनी तिकडे एक नजर टाकायची सवय पहिल्याच मोहिमेपासून लावा.

बोट सतत बटणावर दाबून ठेवू नका. हा खेळ गोळ्या मोजत नाही, त्यामुळे दाबून ठेवण्याचा मोह होतोच. पण समोर कोणी नसताना चाललेला गोळीबार ढालीच्या तोंडचा घास काढतो. पडदा मोकळा झाला की बोट उचला आणि उजवीकडे बघा: विजेची पट्टी सरसर वर चढते, तिच्या मागोमाग ढाल भरू लागते. आधी वीज, मग ढाल, हा क्रम एकदा डोळ्यांनी पाहिला की जनरेटरची गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

यान अगदी तळाशी चिकटवून ठेवू नका. काही शत्रू खालून येतात, आणि मागे सरकायला जागा नसली तर धडक बसते. तळापासून यानाच्या दीड-दोन उंचीएवढं अंतर राखा. धडकेचा मार गोळीपेक्षा जड असतो. जमिनीवरच्या तोफा आणि इमारती मात्र धडकत नाहीत, त्यांच्यावरून खुशाल जा, फक्त त्यांच्या गोळ्या चुकवा.

खेळाचं मैदान पडद्यापेक्षा रुंद आहे. यान डावीकडे नेलं की जमीनही थोडी सरकते आणि कडेला लपलेलं काहीतरी दिसू लागतं. मधोमध बसून राहणाऱ्याला मोहिमेतलं बरंच काही दिसतच नाही. आणि न दिसलेला शत्रू म्हणजे न मिळालेले पैसे, कारण पूर्ण खेळात गुण आणि पैसे एकच. जे फोडाल ते थेट खिशात जमा. म्हणून शांत पट्ट्यांत सावकाश डावीकडून उजवीकडे झाडल्यासारखं फिरत राहा.

गोळी चुकवताना मोठी उडी घेऊ नका. शत्रूच्या बऱ्याच गोळ्या सुटल्या त्या क्षणी तुम्ही जिथे होतात तिथे निघालेल्या असतात. यानाच्या अर्ध्या रुंदीएवढं सरकलं तरी त्या शेजारून जातात. पडदाभर उडी मारली तर दुसऱ्याच कुणाच्या गोळीवर जाऊन आदळाल. एका बाजूला थोडं थोडं सरकत राहा, कडेला पोचण्याआधी एकदाच मोठं वळण घेऊन परत या.

वाटेत डेटा क्यूब मिळतील, ते उचला. दुकानात डेटा या ओळीखाली त्यांतला मजकूर वाचता येतो. बराचसा कथेचा असतो, पण मधेच पुढच्या मोहिमेबद्दल कामाची सूचनाही सापडते. कथाही वाचण्यासारखी आहे, ती ओलांडून जाऊ नका.

मोठ्या शत्रूसमोर त्याची शक्ती दाखवणारी पट्टी येते. ती हलत नसेल तर तुमच्या गोळ्या मर्मावर बसत नाहीयेत. जागा बदला, त्याचा एखादा वेगळा भाग धरून पाहा. तरीही तो आटोक्यात येत नसेल तर पुढच्या प्रयत्नाआधी दुकानात मागची तोफ बदलून एकवटून मारणारी घ्या. पैसे परत मिळतात, हे सारखं आठवावं लागतं, कारण बाकी खेळांनी आपल्याला उलटी सवय लावलेली असते.

खेळ जपून ठेवणं

उड्डाणाच्या मधे खेळ जतन होत नाही. दुकानात ऑप्शन्स, मग सेव्ह. दोन-तीन वेगवेगळ्या जागा वापरा, एकाच नावावर पुन्हा पुन्हा लिहू नका. पुढे एखाद्या ठिकाणी पैसे कमी पडून अडकलात तर दोन मोहिमा मागे जाता यायला हवं. मोहीम सुरू होताना खेळ स्वतःहून लास्ट लेव्हल नावाची एक जागा भरतो. यान फुटलं की लोड गेममध्ये तीच निवडा, त्याच मोहिमेच्या तोंडाशी परत उभे राहाल. वीज गेली आणि कॉम्प्युटर बंद पडला तरी आधी हीच जागा पाहावी. कॉम्प्युटर बदलताना टायरियन नावाची, सेव्ह प्रकारची फाइल जपून उचला, सगळी मोहीम तिच्यातच असते.

दोघांनी खेळायचं असेल तर

आर्केडमध्ये दोन खेळाडूंची सोय आहे. एका कीबोर्डवर दोघं मावत नाहीत, एकाला कीबोर्ड आणि दुसऱ्याला माउस किंवा जॉयस्टिक द्या. दोन यानं हवेत एकमेकांना जोडता येतात. जोडली की एक जण यान चालवतो आणि दुसरा फिरत्या बुरुजावरच्या तोफेसारखा कोणत्याही दिशेला मारतो. धाकट्या भावंडाला किंवा पहिल्यांदाच हात लावणाऱ्या कुणाला सोबत घ्यायचं तर त्यांना तोफ द्या आणि यान तुम्ही सांभाळा. चुकवण्याची सगळी जबाबदारी एकाकडे राहते आणि दुसऱ्याला नुसतं नेम धरायला मिळतं.

दोघांसाठी आणखी एक गोष्ट या खेळात लपवून ठेवलेली आहे. मुख्य मेनू समोर असताना रोमन अक्षरांत डिस्ट्रक्ट असं टाइप करा. पूर्ण वेगळा खेळ उघडतो: डोंगराच्या दोन बाजूंना रणगाडे, कोन आणि जोर ठरवून समोरच्यावर तोफगोळे टाकायचे. कीबोर्ड मराठीवर राहिला असेल तर मात्र हा शब्द उमटतच नाही.